भिंतीवरचे वड-पिंपळ काढून जगवता येतात, पण बडोद्यात ते लावायचे कुठे?

वडपारंबी

पाऊस सुरू झाला की जुन्या बडोद्यात कुठेही मान वर करून बघा. मांडवीभोवतालच्या पोळी (म्हणजे जुन्या गल्ल्या), रावपुऱ्यातले वाडे, दांडिया बाजारातल्या गच्च्या, देवळांची शिखरं, सांडपाण्याच्या पाइपांचे सांधे, सगळीकडे वड आणि पिंपळ उगवलेले असतात. मालक मिस्त्रीला बोलावतो. मिस्त्री रोप छाटून वर मीठ नाहीतर ॲसिड ओततो, आणि पुढच्या श्रावणात त्याच फटीतून पुन्हा पालवी येते. इकडे हे चालू असताना गावाबाहेर वृक्षारोपणासाठी विकतची रोपं आणली जातात आणि त्यांत गुलमोहर, सप्तपर्णी, पाम हेच जास्त असतात. कोनोकार्पस हा परदेशी वृक्ष लावायला गुजरातच्या वनखात्याने २०२३ साली बंदी केली, म्हणून तो तरी आता येत नाही.

आमच्या गल्लीतले काहीजण मिळून भिंतींवरची ही रोपं काढतो, कुंड्यांत वर्षभर सांभाळतो आणि पुढच्या पावसाळ्यात लावतो. जगतात, छान जगतात. कारण ही झाडं मुळातच खडकाच्या नाहीतर दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात जन्म घेणारी आहेत. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं मोहरीहून बारीक बी चिमूटभर धुळीवर रुजतं. मग रोप पहिल्यांदा वर वाढत नाही, बुंध्याशी मूळ फुगवून त्यात पाणी साठवतं. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या विटेवर तगून राहिलेलं रोप ते. नर्सरीत रोज झारीने पाणी प्यायलेल्या रोपापेक्षा ते चिवट असणारच.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी आमची रीत. दोन-तीन दिवस चांगला पाऊस होऊन भिंत ओली झाली की हात घालायचा. खोड धरून ओढायचं नाही, छिन्नीने बाजूचा चुना मोकळा करून फुगलेलं मूळ अख्खं सोडवायचं. चीक थांबू द्यायचा, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळायची. घरी आल्यावर वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढून टाकायची, कारण तुटलेल्या मुळांना सगळ्या पानांना पाणी पुरवणं झेपत नाही. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घेऊन कुंडी भरायची आणि तीन-चार आठवडे सावलीत ठेवायची. नवी पालवी येईपर्यंत कुठलंही खत नाही. मग हळूहळू उन्हात. पुढच्या आषाढात रोप चार-पाच फुटांचं आणि बुंधा अंगठ्याएवढा जाड झाला की जमिनीत.

प्रश्न पुढचा आहे. गच्च्यांवर कुंड्या साठत चालल्या आहेत आणि वडाला जागा लागते ती अंगणाएवढी नाही, मैदानाएवढी. विश्वामित्री नदीच्या काठची कोतरं, म्हणजे घळी, मोकळी पडली आहेत, तिथे सगळ्यांनी मिळून मोठं काम करावं असं आमच्यात बोलणं चालू आहे. जाणकारांनी मत द्यावं.

रावपुरेकर

विषय काढलात, फार बरं झालं. आमचा वाडा शंभर वर्षांच्या पुढचा, विटा-चुन्याचा. चुना सिमेंटपेक्षा मऊ, ओल धरून ठेवणारा, त्यामुळे मुळं आत पार शिरतात. जुन्या इमारतींचे जे हाल दिसतात त्यात पिंपळाचा वाटा मोठा आहे. म्हणजे रोप लहान असतानाच काढलं तर झाडही वाचतं आणि वास्तूही. हे काम फक्त पर्यावरणवाल्यांचं नाही, वारसा जपणाऱ्यांचंही आहे, हे लोकांना सांगितलं पाहिजे.

पण एक कळकळीची विनंती. मूळ पेन्सिलीएवढं असेल तरच ओढाताण करा. मनगटाएवढं झालं असेल तर ती भिंत आता त्या मुळावर उभी आहे असं समजा. तिथे मूळ खेचलंत तर चार विटा नाही, अख्खा कोपरा खाली येईल. अशा ठिकाणी जुन्या चुन्याचं काम येणारा गवंडी आणा, आधी टेकू द्या, मग बघा.

आणि तसं मोठं झाड सोडवता येत नसेल तरी ते वाया जात नाही. गुटी बांधा. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंगठ्याएवढ्या फांदीवर दोन बोटं रुंद साल गोल काढायची, ओलं मॉस लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधायचं. महिना-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतात, की खालून कापून कुंडीत. वडाची जाड फांदी तर नुसती रोवली तरी लागते, पिंपळाची तेवढ्या सहज लागत नाही. त्यामुळे पिंपळाला गुटीच.

निंबोणी

भिंतींकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण पायाखाली बघा! कडुनिंबाच्या निंबोण्या जून-जुलैमध्ये पडतात आणि पंधरा दिवसांत झाडाखाली रोपांचा गालिचा होतो. त्यातलं एकही जगत नाही. आईच्या सावलीत, लोकांच्या पायांखाली, नाहीतर फरशी बसवली की संपलं. करंज, बकुळ, जांभूळ, उंबर, सगळ्यांचं तेच. कडुनिंबाचं आणि जांभळाचं बी काही आठवड्यांतच रुजायची ताकद गमावतं, साठवून पुढच्या वर्षी पेरू म्हणून चालत नाही. त्यामुळे उगवलेलं रोप उचलणं हाच सोपा मार्ग. दोन-चार पानांवर असताना, पाऊस पडून गेल्यावर, खुरप्याने खोल मातीसकट काढा. कडुनिंबाचं सोटमूळ रोपाच्या उंचीपेक्षा लांब असतं, वरून उपटलं की तुटलंच.

दुसरं, पिंपळ काढायला लोक घाबरतात. माझ्या सासूबाई पिंपळाला हात लावू देत नसत. "तोडत नाही आई, त्याला जमिनीवर नेतोय" असं सांगितल्यावर त्यांनी स्वतः हळदकुंकू लावून रोप हातात दिलं. आता शेजारच्या बायका आपणहून निरोप पाठवतात. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या डहाळ्यांचे भारे येतात, पूजा झाली की ते कचऱ्यात. त्या कोवळ्या डहाळ्या रुजतही नाहीत. आमच्या मंडळात आता कुंडीतल्या वाचवलेल्या वडाची पूजा करतात आणि पाऊस बसला की तोच वड लावतात. हे घरोघरी नेता येईल.

सयाजीगंजकर

+१ निंबोणीताई. वटपौर्णिमेची कल्पना आमच्या सोसायटीत नक्की मांडतो.

कोतरवाट

वडपारंबी, तुमचं काम मोलाचं आहे. म्हणूनच स्पष्ट लिहितो : कोतरं मोकळी पडलेली नाहीत.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते आणि शहराच्या मधून वळणं घेत जाते. भरवस्तीतल्या या नदीत शेकडो मगरी राहतात, अशी शहरं जगात फार थोडी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात असलेला हा प्राणी इथे टिकला आहे तो मातीच्या उतरत्या काठांमुळे. मगर ऊन खायला काठावर येते, उन्हाळ्यात काठात बिळं करून राहते, आणि साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये काठावर खड्डा खणून अंडी घालते. अंडी उबवते ती मातीची ऊब. त्या ऊबेवरच पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. आता त्या काठावर तुम्ही वडांची रांग लावलीत तर दहा वर्षांनी तिथे गार सावली आणि मुळांचं जाळं असेल. मगरीला खणता येणार नाही, खणलं तरी घरट्याला ऊन मिळणार नाही. तिथलं गवत आणि उघडी माती हेच तिचं घर आहे. कासवांचंही.

म्हणजे नदीकाठी झाडं नकोत असं नाही. पाणी लागून असलेला उघडा उतार सोडा. वरच्या कड्यावर, जिथे पूर्वी झाडं होती आणि आता नुसता गांडो बावळ (वेडी बाभूळ) माजला आहे, तिथे लावा. पण सगळा बावळ एका दमात उपटू नका. त्या काट्यांत ससे, मुंगूस, साळिंदर आसऱ्याला असतात आणि माती धरून ठेवायला आज तरी तिथे दुसरं काही नाही. मधे मधे जागा करून लावा. तुमची झाडं सावली धरतील तसा बावळ मागे हटवत जा, त्याला भरपूर ऊन लागतं.

आणि पूर विसरू नका. २०२४च्या ऑगस्टमध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी २६ फूट आहे. त्या पट्ट्यात कडुनिंब लावलात तर मुळं कुजून मरेल, त्याला पाणी साचलेलं चालत नाही. अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर पाण्यात उभे राहू शकतात. खाली काठाशी वाळा आणि लव्हाळा. ती झाडं नाहीत म्हणून फोटोत दिसत नाहीत, पण काठाची माती तीच धरतात.

वडपारंबी

घरट्याला ऊन लागतं ही बाजू आमच्या बोलण्यात आलीच नव्हती. वरचा कडा आणि खालचा उतार असा नकाशाच करायला हवा. घरट्यांच्या जागा दरवर्षी त्याच असतात का?

कोतरवाट

बऱ्याचदा मादी त्याच भागात परत येते. जागा इथे उघड लिहिणार नाही, लोक बघायला जातात. वनखात्याबरोबर काम करणारे स्वयंसेवक शहरात आहेत. त्यांना घेऊन हिवाळा संपायच्या आत काठ चालून या. फेब्रुवारी ते जून काठावर कुदळ नकोच.

हिरवाई_अकोटा

मला एक कळत नाही. इतके वड-पिंपळ कशाला? त्यापेक्षा मियावाकी करा. चौरस मीटरला तीन-चार रोपं, तीन वर्षांत घनदाट जंगल तयार. आमच्या ऑफिसने केलंय, आत माणूस शिरत नाही इतकं दाट आहे.

काळी_माती

हिरवाई, शहरातल्या छोट्या कुंपणबंद तुकड्यावर ते ठीक आहे. धूळ, आवाज कमी होतो, लहान पक्ष्यांना आडोसा मिळतो. पण ती पद्धत जपानच्या दमट जंगलांवरून आली. आपल्याकडचं मूळ जंगल बघायचं तर पावागड-जांबुघोड्याला जा. साग, मोह, टेंभुर्णी, पळस, धावडा, मधे मधे गवत. उन्हाळ्यात पानं झडतात आणि जमिनीवर ऊन पोचतं. वर्षभराचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, त्या पाण्यावर चौरस मीटरला चार झाडं जन्मभर जगत नाहीत. ती एकमेकांना मारतात किंवा टँकरवर जगतात.

वड-पिंपळ कशाला, याचं उत्तर फार सुंदर आहे. वड, पिंपळ, उंबर, पिंपरी, प्रत्येकाची परागीभवन करणारी चिलटाएवढी गांधीलमाशी वेगळी. ती फळाच्या आत जन्मते आणि बाहेर पडल्यावर तिचं आयुष्य एक-दोन दिवसांचं असतं. तेवढ्यात तिला दुसऱ्या झाडावर योग्य अवस्थेतलं कोवळं फळ मिळालं नाही तर तिचा वंश संपला. म्हणून या झाडांचा सगळ्यांचा मिळून असा एकच हंगाम नसतो. या गल्लीतला वड आज फळला तर पलीकडचा दोन महिन्यांनी. बारा महिने कुठे ना कुठे फळ असतंच, आणि बाकी रान कोरडं पडलेलं असताना हरियाल, तांबट, कोकीळ, राखी धनेश, वटवाघळं त्यावर जगतात.

आता हे पक्षी फक्त खाऊन जात नाहीत. येताना पोटात दुसऱ्या झाडांच्या बिया आणतात. जुन्या वडाखाली न लावलेली कडुनिंब, बोर, करवंद, भोकर यांची रोपं मिळतात ती याच वाटेने. उजाड माळावर अंतराअंतराने थोडे वड, उंबर, पिंपरी लावले आणि गुरं आवरली, तर बाकीचं जंगल पक्षी आणतात. थायलंडमध्ये चिआंग माईजवळच्या डोंगरांवर वनस्पतिशास्त्रज्ञांनी जंगल परत आणताना याच कुळातली झाडं पुढे घातली ती याचसाठी. शंभर वडांची गर्दी नको. दोन वडांत निदान पन्नास फूट ठेवा, आणि घरं, पाइपलाइन यांच्यापासून त्याहून लांब.

आता वाचवलेल्या रोपांबद्दल दोन गोष्टी, ज्या धाग्यात अजून आल्या नाहीत. एकाच कडुनिंबाखालून दोनशे रोपं उचललीत तर ती सगळी भावंडं झाली. एक रोग, एक दुष्काळ सगळ्यांना सारखाच लागेल. दहा-पंधरा वेगवेगळ्या झाडांखालून थोडी थोडी घ्या, कुठून घेतलं त्याची चिठ्ठी कुंडीला बांधा. गुटीची रोपं तर मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतात, ती मोजकीच असू द्या. भिंतीवरच्या रोपांचं बरं असतं, बिया कुठल्या कुठल्या झाडांवरून पक्ष्यांनी आणलेल्या असतात.

दुसरं, पिशवी. काळ्या पिशवीत रोप वर्षापेक्षा जास्त राहिलं की मुळं तळाशी गोल गोल फिरतात आणि जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहतात. वरून झाड ठीक दिसतं आणि सात-आठ वर्षांनी वादळात आडवं होतं. लावताना पिशवी पूर्ण काढा, वेटोळं झालेली मुळं कात्रीने कापा. कापायला जीव होत नाही, पण कापाच.

हिरवाई_अकोटा

धन्यवाद, गांधीलमाशीचं माहीत नव्हतं. ऑफिसच्या तुकड्याच्या कुंपणाबाहेर मोठा मोकळा कोपरा आहे, तिथे एक पिंपरी लावायला परवानगी काढते.

सयाजीगंजकर

आपल्या शहराला हे नवीन नाही, म्हणून लिहितो. कमाटीबाग १८७९ची. पुढे १८९३च्या सुमारास सयाजीराव महाराजांनी क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला बडोद्यात आणलं. पुढे बंगळुरूच्या लालबागेचं नाव ज्याच्याशी जोडलं गेलं तो हाच. बागा, रस्त्यांकडेची झाडं यांचा विचार संस्थानात पाणीपुरवठ्याइतकाच गांभीर्याने होत होता. त्या काळातले वड रस्तारुंदीत गेले, जात आहेत. पण त्यांची फळं खाल्लेल्या पक्ष्यांनी जुन्या पेठांच्या भिंतींत टाकलेलं बी म्हणजे त्याच झाडांची पुढची पिढी आहे. ती ॲसिड ओतून मारायची आणि परगावची रोपं आणायची, हे मनाला पटत नाही.

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला विचारलंत का? रोप वड आहे की पिंपरी की नांद्रुक हे दोन पानांवर असताना ओळखणं आपल्याला अवघड जातं.

मालधारी_मित्र

वाघोडियाच्या बाजूला राहतो, मराठी माझी घरची भाषा, पण दिवसभर उठबस गुरं पाळणाऱ्या भरवाड लोकांत. शहरातली मंडळी "पडीक जमीन" म्हणतात ती पुष्कळदा गोचर असते. गावची गुरं तिथे चरतात. दरवर्षी कुणीतरी येतं, तारेचं कुंपण घालतं, दाट रोपं लावतं, फोटो काढतं. गुरं कुंपण तोडतात, रोपं खातात, आणि मग "गावकऱ्यांना जाणीव नाही" असं छापून येतं. त्यांना विचारलं कुणी?

आमच्याकडे विचारलं. भरवाड म्हणाले, गवताच्या जागी झाडं नकोत, पण तळ्याच्या पाळीवर, दुपारी गुरं बसतात तिथे वड पाहिजे, जुना वड पडून बरीच वर्षं झाली. तिथे लावला आणि पहिल्या दिवसापासून राखण त्यांचीच. बाभळीच्या काट्यांचं कुंपण त्यांनीच केलं. उन्हाळ्यात बुंध्याशी पुरलेल्या मडक्यात पाणी तेच भरतात. मडकं मातीचं, बिनझिलईचं, तोंडावर झाकण. पाणी पाझरत राहतं, आठवड्यातून दोनदा भरलं की पुरतं. भोवती पालापाचोळ्याचा जाड थर, पण खोडाला चिकटवायचा नाही, वाळवी लागते.

तीन उन्हाळे. तेवढे काढले की वड कुणाला ऐकत नाही. म्हणून कुठलीही जागा ठरवताना आधी हे विचारा की तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार. नाव सांगता आलं नाही तर कुंडी अजून गच्चीवरच ठेवा.

रावपुरेकर

हे पटलं. गच्चीवर ठेवायची असेल तर दरवर्षी मोठ्या कुंडीत बदला आणि मुळं छाटा. वड दोन-तीन वर्षं सुखाने थांबतो.

वडपारंबी

सगळ्यांचे मनापासून आभार. मी प्रश्न जागेचा समजून आले होते, तुम्ही सगळ्यांनी तो राखणाऱ्यांचा आहे हे दाखवलंत. आज संध्याकाळी आमच्या मंडळींशी बोलले, तेव्हा जे ठरलं ते लिहिते.

कोतरात या वर्षी लावणी नाही. फेब्रुवारीच्या आधी वनखात्याच्या स्वयंसेवकांसह काठ चालून घरट्यांचे उतार सोडून द्यायचे, आणि जमीन महापालिकेची, सरकारी की खासगी हे तपासून लेखी परवानगी घ्यायची. मगच वरच्या कड्यावर अर्जुन, करंज, उंबर. आमच्याकडचे मोठे झालेले वड आणि पिंपळ गावतळ्यांच्या पाळी, स्मशानं, शाळांची मैदानं इथे एकेकटे द्यायचे, आणि तेही पाण्याची जबाबदारी घेणारं माणूस समोर आलं तरच. मालधारी_मित्र, वाघोडियाच्या बाजूच्या आणखी दोन-चार गावांत विचारून बघाल का? आमच्याकडे द्यायला रोपं आहेत, टेम्पोचं भाडं आम्ही काढू. कडुनिंबाची रोपं पूरपट्ट्यापासून लांबच्या सोसायट्यांसाठी, कोनोकार्पस काढतील त्यांना आधी.

रोप ओळखण्यासाठी विद्यापीठात विचारते. सयाजीगंजकर, तिथे तुमची कुणाशी ओळख असेल तर व्यक्तिगत निरोप करा. आणि जुन्या पेठांतल्या सर्वांना विनंती : मिस्त्रीला बोलवायच्या आधी इथे नुसता फोटो टाका, रोप केवढं आहे ते भिंतीसकट दिसेल असा. पेन्सिलीएवढं मूळ असेल तर आम्ही येऊन काढून नेतो. जाड असेल तर रावपुरेकर काकांना विचारून चुन्याचं काम येणारा गवंडी कुठे मिळेल ते सांगतो.

मालधारी_मित्र

दोन गावांत आजच बोललो. एका ठिकाणी तळ्याच्या पाळीसाठी वड पाहिजे आणि देवळामागे पिंपळ. पाणी घालणारे तयार आहेत. दुसऱ्या गावात गोचराच्या कडेला उंबर मागतात, वड नको म्हणाले, पारंब्या वाटेवर येतात. आहे का उंबर?

निंबोणी

आहेत, उंबर माझ्याकडे आहेत. आमच्या मागच्या गटारीच्या कडेला उगवलेले, आता कमरेएवढे झालेत. पाऊस बसला की कळवा, घेऊन येते.